वारसा गावाचा, कागद सरकारचे

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात लाकडाचा एक जुना खांब आहे. शिल्पांच्या दालनात रेंगाळणारे प्रेक्षक त्याच्यासमोर फारसे थांबत नाहीत. थांबावे असे त्यात काही दिसतही नाही. लाकूड काळवंडलेले, भेगाळलेले आणि मधूनमधून अक्षरांच्या पुसट खुणा. १९२१ साली तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातल्या किरारी या गावचा हिराबंध तलाव आटला, तेव्हा गावकऱ्यांना तो गाळात सापडला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा हा कोरीव लेख शतकानुशतके पाण्याखाली सुरक्षित राहिला होता. माणसांनी तो वर काढला आणि उन्हाने त्याचा घात केला. ओले लाकूड सुकू लागले, पापुद्रे सुटू लागले आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही गळू लागली. गावात लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे पुरोहित होते. त्यांना ब्राह्मी लिपी येत नव्हती. तरीही डोळ्यांना जसे दिसले तसे एकेक अक्षर त्यांनी कागदावर उतरवून घेतले. साडेतीनशेच्या आसपास अक्षरे त्यांनी अशी वाचवली. ती नक्कल इतिहासप्रेमी कवी लोचनप्रसाद पांडेय यांच्यापर्यंत पोहोचली आणि पुढे हिरानंद शास्त्री यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केला. आज अभ्यासक जो लेख वाचतात, तो खांबावरून नव्हे. मुख्यतः त्या पुरोहिताच्या नकलेवरून.

लेखात बराचसा मजकूर अधिकाऱ्यांची नावे आणि हुद्दे यांचाच आहे. त्यात सेनापती आहे, नगररक्षक आहे, गणक, भांडागारिक, धावक आणि लेखहारकही आहेत. म्हणजे हिशेबनीस आणि कोठारपाल या भूमीत अठराशे वर्षांपूर्वीही होते. त्यांच्याकडे अर्ज कोणत्या नमुन्यात करावा लागे, हे मात्र खांबावर कोरलेले नाही.

हा विनोद मला सुचण्याचे कारण व्यक्तिगत आहे. काही वर्षांपूर्वी मी सांस्कृतिक अनुदानाच्या अर्जांची छाननी करणाऱ्या एका समितीवर होतो. समितीचे आणि खात्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशा समित्या सर्वत्र सारख्याच असतात. टेबलावर फायलींचे गठ्ठे, दुपारी जेवण, संध्याकाळपर्यंत निकाल. त्या गठ्ठ्यांत धमतरी जिल्ह्याच्या नगरी भागातला एक अर्ज होता. निवृत्त प्राथमिक शिक्षकाने तो हाताने लिहिलेला होता. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांना सुआ गीते आणि गौरा-गौरीची गाणी येतात; ती ध्वनिमुद्रित करायची होती. शिवाय गावच्या जुन्या मालगुजाराच्या वाड्यात कागदांची काही बोचकी पडून होती. त्यांतले काही कागद मोडीत असल्याचे गुरुजींना कोणीतरी सांगितले होते. ती झाडून-पुसून, छायाचित्रे काढून, जाणत्याला दाखवायची होती. मागणी ऐंशी हजार रुपयांची. अंदाजपत्रकात एक नोंद होती : ‘गाणाऱ्या बायकांना दिवसाची रोजी, कारण त्या दिवशी त्या कामावर जाणार नाहीत.’ त्याखाली चहा, बिस्किटे आणि पेट्रोल.

बिस्किटांवर टेबलाभोवती हशा पिकला. मीही हसलो. अर्जासोबत संस्थेच्या नोंदणीचा दाखला नव्हता, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद नव्हते, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक नव्हता. अर्जदार ‘संस्था’च नव्हता. ‘अपात्र’ असा शेरा पडला आणि त्याखाली इतरांबरोबर माझीही सही झाली. नियमाप्रमाणे ती चूक नव्हती. लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी अर्ज केला असता, तर त्यांच्या अर्जावरही आम्ही हाच शेरा मारला असता.

सार्वजनिक पैसा वारशाकडे कसा वळतो, हे समजून घ्यायचे तर रायपूरचे हे संग्रहालयच बोलके आहे. १८७५ साली त्याची स्थापना झाली ती राजनांदगाव संस्थानाचे महंत घासीदास यांच्या दानातून. (सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास ते वेगळे; बाहेरच्या पाहुण्यांचा हा गोंधळ नेहमी होतो.) बैरागी महंतांचे हे छोटेसे संस्थान, आणि देशातल्या सुरुवातीच्या संग्रहालयांपैकी एक त्यांनी उभे करून दिले. जुनी अष्टकोनी इमारत अपुरी पडू लागली, तेव्हा राणी ज्योतिदेवी आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांनी पुन्हा पैसे दिले. १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. ज्या राजनांदगावच्या वाड्यातून हे दान आले, त्याच वाड्यात पुढे दिग्विजय महाविद्यालय भरू लागले आणि मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी आयुष्याची शेवटची वर्षे तेथे शिकवण्यात घालवली. संस्थाने गेली, दात्यांची जागा सरकारने घेतली. ते योग्यच झाले. दान देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. सरकारी अनुदान हा नागरिकाचा हक्क असतो, निदान असायला हवा. परंतु मर्जीची जागा हक्काने घेण्याऐवजी नमुन्याने घेतली, आणि नमुना भरणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला.

आकडे पाहू. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयासाठी ३,३६०.९६ कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत सात पैशांहूनही कमी. त्यातला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जातो. उरलेल्यातून राष्ट्रीय अकादम्या, ग्रंथालये, संग्रहालये आणि शताब्दी सोहळे. या सगळ्यांच्या तळाशी व्यक्ती आणि छोट्या संस्थांसाठीची ‘कला संस्कृती विकास योजना’ आहे. तिच्यात नाट्यपथकांना आणि गुरू-शिष्य परंपरेला मानधन आहे, कार्यक्रम आणि निर्मितीसाठी सर्वसाधारणपणे पाच लाखांपर्यंतचे अनुदान आहे. योजना वाईट नाही. अनेक नाटक मंडळ्या तिच्यावर जगतात. पण ती रंगमंचासाठी आखलेली आहे. जे सादर करता येते, ज्याचा फलक लावता येतो, ज्याचे छायाचित्र उपयोगिता प्रमाणपत्राला जोडता येते, त्याला तिच्यात जागा आहे. गाळ काढणे, बाड जपणे, गाणे लिहून घेणे यांचा फलक कुठे लावायचा?

पैसा नाही हेच एकमेव रडगाणे असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळात राज्यांना वारसा संवर्धनासाठी ६२५ कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचवले होते. छत्तीसगडमध्ये तर अलीकडच्या काळात संस्कृतीवर खर्च करण्याची हौस दोन्ही पक्षांच्या सरकारांनी दाखवली. नवा रायपूरजवळ ‘पुरखौती मुक्तांगण’ उभे राहिले. २००६ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले. गिरौदपुरीला कुतुबमिनारापेक्षा उंच, ७७ मीटरचा जैतखाम बांधला गेला. राम वनगमन पर्यटन मार्गाच्या पहिल्या टप्प्यातील नऊ स्थळांसाठी १३७.४५ कोटींचा आराखडा झाला. २०१९च्या डिसेंबरात रायपूरला राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला. राज्याच्या स्थापनेला पंचवीस वर्षे झाली, त्या दिवशी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. १० डिसेंबर १८५७ रोजी याच रायपुरात फाशी गेलेल्या या जमीनदाराचे स्मारक व्हायलाच हवे होते. माझी तक्रार स्मारकांविषयी नाही. जैतखाम पाहून सतनामी समाजातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. पण त्याच समाजातल्या पंथी पथकाला फुटलेला मांदर बदलायला वर्गणी काढावी लागते, हेही मी पाहिले आहे. एका कामाला निविदा निघू शकते, दुसऱ्याला निघू शकत नाही. आपल्या यंत्रणेला निविदेशिवाय पैसे खर्च करता येत नाहीत.

येथे बस्तरमधल्या देवगुड्यांचा अनुभव सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात चांगले आणि वाईट दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहे. देवगुडी म्हणजे गावदेवतेचे ठाणे. पुष्कळदा ते मंदिर नसतेच. सालाची, मोहाची जुनी झाडे, खाली दगड, लाकडी खांब, मातीचे घोडे. मागच्या सरकारच्या काळात देवगुड्यांच्या आणि घोटुलांच्या दुरुस्तीसाठी निधी देण्याचे ठरले. आधी एका देवगुडीला एक लाख मिळत, ते पुढे पाच लाख करण्यात आले. रोजगार हमी आणि जिल्हा खनिज निधी यांचीही जोड दिली गेली. ज्या खाणींनी डोंगर पोखरले, त्यांच्या स्वामित्वधनातून देवाचे ठाणे दुरुस्त व्हावे, यात एक काव्यात्म न्याय होता. शिवाय काही ठिकाणी देवगुडीच्या जमिनीला वनहक्क कायद्याखाली सामुदायिक हक्काची मान्यता मिळाली. मला विचाराल तर पाच लाखांपेक्षा तो कागद मोलाचा.

पण पाच लाख आले की त्यांच्यामागून अभियंता येतो. त्याच्याकडे दरसूची असते. दरसूचीत सिमेंट, सळई, फरशी, पत्रा आणि रंग यांचे दर असतात. शेणामातीने सारवण्याचा, गवताने शाकारण्याचा, सावली धरणाऱ्या झाडाखालची जागा तशीच मोकळी ठेवण्याचा दर नसतो. परिणाम ठरलेला. मी पाहिलेल्या काही देवगुड्यांना आता चौथरा आहे, चकचकीत फरशा आहेत, कुंपण आहे आणि लोखंडी कमानीवर योजनेचे नाव आहे. एका ठिकाणी गायता, म्हणजे गावचा पुजारी, कुंपणाबाहेर बसला होता. फरशी दुपारी तापते, म्हणून तो झाडाखाली सरकला होता. त्याला मी विचारले, काम कसे वाटते? तो म्हणाला, ‘छान आहे. देव अजून आत आलेला नाही.’ हे तो चेष्टेने म्हणाला की गंभीरपणे, हे मला कळले नाही. अन्यत्र मात्र गावाने अभियंत्याला परत पाठवले, फक्त कुंपण आणि पाण्याची सोय मागितली, आणि उरलेल्या पैशांतून पुजाऱ्यांना बसायला साधी पडवी बांधून घेतली. पैसे तेच, योजना तीच. फरक एवढाच की दुसऱ्या गावात ग्रामसभेने ‘नाही’ म्हटले होते.

हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कायद्यात आहे, आणि ही गोष्ट धोरणाची चर्चा करणारे आपण सगळे विसरतो. १९९६च्या पेसा कायद्याच्या कलम ४(घ) नुसार लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाच्या रक्षणाचे अधिकार देते. नियमगिरीच्या बाबतीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, तो याच पायावर. छत्तीसगडने पेसाचे नियमही २०२२च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित केले. म्हणजे वारशाचा रक्षक कोण, याचे उत्तर संसदेने देऊन ठेवले आहे. मात्र त्याच रक्षकाला संस्कृती खात्याच्या अनुदानासाठी अर्ज करायचा झाला, तर १८६०च्या कायद्याखाली नोंदलेली ‘सोसायटी’ किंवा न्यास व्हावे लागते. संसदेने निर्माण केलेली वैधानिक संस्था अपात्र, आणि सात जणांनी शहरात स्थापन केलेली नोंदणीकृत संस्था पात्र! रायपुरात, नागपुरात, दिल्लीत अशा संस्था मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांतल्या काहींचे काम उत्तम आहे. काहींचे कौशल्य मात्र प्रमाणपत्रे भरण्यापुरतेच.

मार्च महिन्यात हे कौशल्य विशेष उपयोगी पडते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ अनुसार अनुदानाचा विनियोग झाल्याचे प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते. आधीचे दिल्याशिवाय पुढचे मिळत नाही. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे, कारण पैसा जनतेचा आहे. पण पैसे येतात वर्षाच्या अखेरीस, गौरा-गौरी असते दिवाळीत, आणि तलावाचा गाळ निघतो वैशाखात. गावाचे वर्ष आणि खात्याचे वर्ष एकमेकांना कधी भेटतच नाहीत. शिवाय उरलेला हप्ता काम संपल्यावर. म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून खर्च करू शकेल, त्यालाच अनुदान परवडते.

याउलट टोकाच्या योजनाही छत्तीसगडने करून पाहिल्या. रामायण मंडळ्यांना वाद्यांसाठी वर्षाला पाच हजार रुपये देण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये जगदलपूरहून ‘आदिवासी परब सन्मान निधी’ सुरू झाला : गावातले सण साजरे करायला ग्रामपंचायतीला वर्षाला दहा हजार, दोन हप्त्यांत. त्याच वर्षाअखेरीस विधानसभेची निवडणूक होती, हे सांगायला नकोच. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. २०२४च्या आषाढी वारीत दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये मिळाले, २०२५च्या गणेशोत्सवात १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी पंचवीस हजार. अशा अनुदानांची सुशिक्षितांत टिंगल होते. मतांसाठी टाळ-मृदंग वाटले म्हणतात. मीही ती केली आहे. आता मला ती पूर्वीइतकी करवत नाही. दहा हजार रुपये सरळ पंचायतीच्या खात्यात गेले आणि त्यातून कोणती जत्रा, कोणता सण हे गावाने ठरवले, तर त्या व्यवहारात ऐंशी हजारांच्या अर्जापेक्षा अधिक विश्वास आहे. खोट आहे ती वेगळीच. हे पैसे मागून मिळालेले नसतात, देऊन उपकृत केलेले असतात. सरकार बदलले की पुढच्या वर्षी ते मिळतील याची हमी कोणी देत नाही. आणि कोणाचा वारसा, हे आधीच ठरलेले असते. रामायण मंडळीला पाच हजार. मग दामाखेड्याच्या कबीरपंथी चौका-आरतीच्या मंडळींना का नाहीत? देवारांच्या फिरत्या कुटुंबांना का नाहीत? त्यांचा तर पत्ताच नसतो, मग नोंदणी कुठली?

‘समुदाय’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. समुदायाचा वारसा म्हणताना गाव एकजिनसी असते असे गृहीत धरले जाते. गुरुजींच्या गावात गाणाऱ्या बायका होत्या, पण समिती करायची म्हटली असती तर तिच्यावर पुरुषच बसले असते, हे मला ठाऊक आहे. त्या बायकांच्या रोजीची ओळ गुरुजींच्या अर्जात होती. नोंदणीकृत संस्थांच्या चकचकीत प्रस्तावांत ती मी कधी पाहिली नाही. तेथे ‘सल्लागार मानधन’ असते. म्हणून ग्रामसभेला पैसे द्या एवढे म्हणून भागत नाही. ग्रामसभेतही आवाज ठरावीक असतात. तरीही एक फरक उरतो : ग्रामसभेत हिशेब वाचला गेला तर गाणारी बाई उभी राहून ‘मला रोजी मिळाली नाही’ असे म्हणू शकते. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात छत्तीसगडच्या बायकांनी हे करून दाखवले आहे. विनियोगाच्या प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाची सही असते, तिची नसते.

ब्रिटनमध्ये १९९४पासून राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातला एक वाटा वारशाला जातो. हे अनुदान दहा हजार पौंडांपासून एक कोटी पौंडांपर्यंत असते. तिथलीही कागदपत्रे काही कमी नाहीत आणि दहा हजार पौंड ही रक्कम आपल्या दृष्टीने लहान नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्वयंसेवकांनी दिलेला वेळ तेथे प्रकल्पातला त्यांचा वाटा म्हणून हिशेबात धरला जातो. आपल्याकडे श्रमदान हा शब्द भाषणांत येतो, ताळेबंदात येत नाही. छत्तीसगडमधल्या जुन्या गावांविषयी ‘छै आगर छै कोरी’ तलाव असल्याची ख्याती सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. रतनपूरविषयी, मल्हारविषयी असे सांगतात. इतके तलाव खणले आणि राखले गेले, त्या श्रमांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? रायपूर शहर स्वतः तलावांचे होते. त्यांतले जे उरले त्यांच्याभोवती आता दिवे आणि खाऊगल्ल्या आहेत. ज्या मोहल्ल्यांनी त्यांची राखण केली, त्यांच्याकडे संध्याकाळी फिरायला येण्यापलीकडे काही काम उरलेले नाही.

या शहरात मराठी वारसाही आहे आणि तो बहुतांशी अनुदानाविना टिकला आहे. १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून राज्य करत होते. त्यांच्या काळात दरबारी कामात मराठी आणि मोडी आली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्यालय रायपूरला हलवले, तरी दप्तर सांभाळणारी अनेक घराणी राहिली. तात्यापारा हे वस्तीचे नाव आजही आहे. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि तीन वर्षांत ते पैशाअभावी बंद पडले. त्याच सप्र्यांच्या नावाने १९८४ साली भोपाळला वृत्तपत्र संग्रहालय उभे राहिले, ते लोकांनी घरातल्या जुन्या फायली आणून दिल्या म्हणून. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५पासून चालते आणि शाळाही चालवते. संघटित, शहरी, शिकलेल्या समाजाला हे जमते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीच तर सार्वजनिक पैसा असतो.

महाराष्ट्राने जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्क्यांपर्यंतचा निधी गडकिल्ले, मंदिरे आणि स्मारकांच्या जतनासाठी खुला केला, हे पाऊल मला योग्य दिशेचे वाटते. निर्णय निदान जिल्ह्यापर्यंत तरी उतरला. पण तिथेही यादी वास्तूंचीच आहे. पन्नास हजारांच्या आतले अनुदान थेट ग्रामसभेला किंवा शहरात मोहल्ला समितीला, अर्ज एका पानाचा, पैसे एकरकमी आणि आगाऊ, हिशेब भर सभेत वाचायचा आणि त्या ठरावाची प्रत हेच प्रमाणपत्र मानायचे, एवढी तरतूद कोणत्याही राज्याला नियमांत छोटासा बदल करून करता येईल. काही पैसे बुडतील. ते आताही बुडतात. फक्त आता त्यांच्या पावत्या नीट असतात. देशातली ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडत नसल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१३ साली सांगितले. कागदावर ती स्मारकेही होतीच.

गुरुजींना भेटायला मी गेलो तो अर्ज फेटाळल्यावर दोन वर्षांनी, दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने. मी समितीवर होतो हे त्यांना ठाऊक नव्हते. चहा झाल्यावर मीच सांगितले. ते म्हणाले, ‘साहेब, नियम असतील.’ मग त्यांनी काय झाले ते सांगितले. गाण्यांचे काही ध्वनिमुद्रण त्यांनी नातवाच्या मोबाइलवर केले होते. तो मोबाइल पाण्यात पडला. गाणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त गाणी येणारी बाई त्या पावसाळ्यात गेली. मालगुजाराच्या वारसांच्या वाटण्या झाल्या आणि वाडा पाडला गेला. बोचकी आधी गोठ्यात ठेवली, मग पाऊस आला. त्यांनी आतून एक शाळेची वही आणली. मोडी त्यांना येत नव्हती. तरीही वाडा पडण्याच्या आधी चार-पाच दुपारी बसून, काही कागदांच्या वरच्या ओळी जशा दिसल्या तशा त्यांनी उतरवून घेतल्या होत्या. वहीची बावीस पाने. मी ती नागपूरच्या एका जाणकारांना दाखवली. काही ओळी लागल्या : सनाचा आकडा, गावांची नावे, एका तलावाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या धान्याची नोंद. बाकीच्यावर ते मान हलवत राहिले.

गेल्या वर्षी त्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला की उरलेल्या चार बायकांची गाणी लिहून आणि ध्वनिमुद्रित करून घ्यायची, आणि त्यासाठी पंचायतीच्या निधीतून तीस हजार रुपये द्यायचे. ठरावावर त्या चौघींचेही अंगठे आहेत. पंचायत सचिवांनी मला फोन करून विचारले, ‘साहेब, हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकू?’ मी रायपुरात विचारून कळवतो असे म्हणालो. तीन कार्यालयांत विचारून झाले आहे. अजून त्यांना कळवता आलेले नाही.